एक वर्ग, ४६ मुलं आणि भिंतीवरचं पॅनेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली मराठी माध्यमाची अनुदानित शाळा, पाचवीचा वर्ग, पट ४६. सात-आठ मुलं जोडाक्षर आलं की अडखळतात, पाच-सहा जण शिष्यवृत्तीचे जादा तास करतात, चौघांच्या घरी मराठी बोलत नाहीत. जूनमध्ये वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल, म्हणजे बोटानं चालवायचा मोठा पडदा, बसलं आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं, "आता प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीनुसार शिकवा." विचारणाऱ्या बाईंनी शेवटी लिहिलंय, "यासाठी कोणतं ॲप चांगलं? आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत ४६ जणांना ४६ प्रकारे शिकवायचं तरी कसं?"

बाई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. ४६ प्रकारे शिकवायचं नसतं. मला सव्वीस वर्षांत ते एक दिवसही जमलेलं नाही आणि जमवायचा प्रयत्नही मी कधीच सोडून दिला. एखादा घटक शिकवताना मुलं अडतात ती साधारण दोन-तीन जागी. त्या जागा कोणत्या आणि आज तिथे कोण अडलंय एवढं माहीत असलं की तासिकेची मांडणी बदलता येते. ते माहीत नसेल तर पॅनेल म्हणजे महागडा फळा. तुमची खरी अडचण मला दिसते ती अशी: कोण कुठे अडलंय हे लवकर कळायला हवं, आणि कळल्यावर त्या पाच-सात मुलांजवळ बसायला दहा मिनिटं मोकळी मिळायला हवीत. तंत्रज्ञान मी याच दोन कामांसाठी वापरते. इतर कामांसाठी क्वचित.

यातलं किती जमेल हे तुमच्या परिस्थितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण दिलंय, आणि तुमच्यासमोर ४६ बसलेत. त्यामुळे मी सांगते त्यातलं काही जड जाईल आणि त्यात तुमचा दोष नाही. बाकं हलवता येतात का, 'ब' तुकडीच्या शिक्षकांशी तुमचं जमतं का, पॅनेलला नेट आहे की ते नुसतंच भिंतीवर आहे, यावरही बरंच अवलंबून आहे. माझ्या वर्गात चाललेलं तुमच्याकडे जसंच्या तसं चालेल असं नाही. त्यामुळे कृती सांगताना तिच्यामागचा विचारही सांगते, म्हणजे तुम्हाला फेरफार करता येतील.

मी नोकरीची पहिली सहा वर्षं मुळशीतल्या एका दोनशिक्षकी शाळेत काढली. एका खोलीत पहिली आणि दुसरी, दोन्ही माझ्याकडे. दुसरीला फळ्यावर काम देऊन पहिलीजवळ बसायचं, मग पहिलीला बिया मोजायला लावून दुसरीकडे वळायचं. 'भिन्न पातळीनुसार अध्यापन' हा शब्द मला पुढे प्रशिक्षणात भेटला, काम मात्र तिथे शिकले. भोर-वेल्ह्याकडचे कितीतरी शिक्षक आजही हे रोज करतात. तुम्हाला ओळखीचं कुणी असेल तर एक दिवस त्यांच्या वर्गात जाऊन बसा. एका खोलीत दोन कामं शांतपणे कशी चालतात हे डोळ्यांनी बघितलं की भीती निम्मी होते.

आता सुरुवात कुठून करायची ते. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक मुलाला एकेकटं ऐका. 'प्रथम' संस्था 'असर' या मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीसाठी जी साधी पद्धत वापरते तीच पुरते: अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. एका मुलाला तीन मिनिटं धरली तर ४६ जणांचे अडीच तासही होत नाहीत. परिपाठानंतरची दहा मिनिटं आणि चित्रकलेचा एखादा तास यात ते बसतं. व्हरांड्यात खुर्ची टाका, मूल शेजारी बसवा, समोर बसवू नका. समोर बसवलं की परीक्षा होते. वहीत प्रत्येकाला एक ओळ. गुण लिहायचे नाहीत, मूल नेमकं कुठे थांबलं ते लिहायचं. "र्‍हस्व-दीर्घ चुकतं" यापेक्षा "रफार आला की थांबतो, 'सूर्य'चं 'सूय' वाचतो" ही नोंद उपयोगाची, कारण दुसऱ्या दिवशी काय करायचं ते तिच्यात आहे.

असं एकेकटं ऐकताना जे कळतं ते एरवी कळत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, वडील बांधकामावर, घर कलबुर्गीकडचं. मी म्हटलं, एकोणसाठ लिही. तिनं ६९ लिहिलं. एकोणचाळीस म्हटलं तर ४९. आधीच्या वर्गाच्या नोंदीत "संख्याज्ञान कच्चे" असा शेरा होता. मग मी तिला विचारलं, साठाच्या आधी कोण येतं? तिनं लगेच ५९ लिहिलं. संख्या तिला पक्की येत होती, संख्येचं मराठी नाव येत नव्हतं. कन्नडमध्ये एकवीसला 'इप्पत्तोंदु' म्हणतात, म्हणजे वीस-एक, आणि एकोणसाठ म्हणजे 'ऐवत्तोंबत्तु', पन्नास-नऊ. नाव ऐकलं की संख्या समोर उभी राहते. आपल्याकडे ५९ साठाच्या नावानं ओळखली जाते, एकोणनव्वद पण तशीच, आणि नव्याण्णवला मात्र तो नियम लागू नाही. त्या मुलीला गणिताचा उपचारात्मक वर्ग नको होता. तिच्या बाकावर मी एक पट्टी चिकटवली, १९ पासून ८९ पर्यंतच्या आठ 'एकोण' संख्यांची, 'साठाला एक कमी' अशा धर्तीवर. फोनवर तीच नावं माझ्या आवाजात तिला ऐकायला दिली. पंधरा दिवसांत तिनं स्वतःच ती पट्टी खरवडून काढली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असंही वाचन आलं तेव्हा मराठी बिघडेल म्हणून केवढा गदारोळ झाला! मला तेव्हा ही मुलगी आठवत होती. पारंपरिक नावं शिकवायचीच आहेत, पण त्यांच्यामुळे एखाद्या मुलाचं गणित थांबता कामा नये.

आता तासिका. पाचवीतले अपूर्णांक घेते, कारण तिथे वर्ग सगळ्यात जास्त फुटतो.

पहिली आठ मिनिटं सगळे एकत्र. प्रत्येकाकडे कागदाच्या दोन पट्ट्या. एकीचे घडी घालून तीन समान भाग, दुसरीचे चार. मग पॅनेलवर एकच प्रश्न: १/३ मोठा, १/४ मोठा, दोन्ही सारखे, की सांगता येत नाही? यासाठी मी 'प्लिकर्स' हे ॲप वापरते. प्रत्येक मुलाकडे जाड कागदावर छापलेलं, त्याच्या क्रमांकाचं एक कार्ड असतं. कार्ड ज्या बाजूनं वर धरलं ते उत्तर. मी फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते आणि कुणाचं काय उत्तर ते फोनवर येतं. कार्डावरची अक्षरं इतकी बारीक असतात की शेजाऱ्याला उत्तर दिसत नाही, शिवाय प्रत्येकाच्या कार्डावरची नक्षी वेगळी. वर्षभर हात वर न करणारी मुलंसुद्धा कार्ड धरतात. नेट असलेला एक फोन आणि कागद, एवढंच लागतं. मुलांकडे फोन नको, टॅब नको.

एकदा असं विचारलं तेव्हा अठरा मुलांनी १/४ मोठा म्हटलं. नेहमीची चूक, चार तीनपेक्षा मोठे म्हणून. मी त्या अठरांना एका बाजूला घेऊन बसले आणि एकेकाची पट्टी बघू लागले. एका मुलाची पट्टी वहीच्या लांब बाजूनं कापलेली होती. त्याच्या शेजारणीची आखूड बाजूची. त्यानं स्वतःच्या पट्टीचा चौथा भाग तिच्या पट्टीच्या तिसऱ्या भागावर ठेवून दाखवला आणि म्हणाला, "बाई, बघा ना, माझा मोठा आहे." आणि तो खरंच मोठा होता! त्याला तुलना येत होती, मोजून दाखवणंही सुचलं होतं. दोन्हीकडे 'पूर्ण' सारखं असायला हवं ही एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती, मीसुद्धा सांगितली नव्हती. फोनवर त्याचं उत्तर बाकीच्या सतरांसारखंच लाल दिसत होतं. कोण अडलंय ते कार्डानं सांगितलं, का अडलंय ते जवळ बसल्यावर कळलं. बाई, या सगळ्या उत्तरातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ही पट्टी लक्षात ठेवा.

मधली वीस मिनिटं तीन गटांत. पहिला गट पट्ट्यांबरोबर माझ्याजवळ. दुसरा गट जोडीजोडीनं कार्डांवरची उदाहरणं सोडवतो, कार्डाच्या मागे उत्तर असतं, चुकलं तर पुन्हा पट्टी घडी घालून बघायची. तिसऱ्या गटाला असलीच वीस गणितं आणखी द्यायची नाहीत. ज्याला येतं त्याला तेच पुन्हा पुन्हा करायला लावणं ही शिक्षा आहे, आणि आपण ती हुशार मुलांना फार सहज देतो. त्यांना मी विचारते: १/२ पेक्षा मोठा आणि २/३ पेक्षा लहान असा अपूर्णांक शोधा. समच्छेद करून ६/१२ आणि ८/१२ झाले की ७/१२ सापडतो. मग कुणीतरी छेद २४ करतो आणि १२/२४ ते १६/२४ मध्ये तीन सापडतात. एकदा एक मुलगी छेद ४८ पर्यंत गेली आणि माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, हे संपतच नाही का?" पाचवीच्या मुलीला हा प्रश्न पडला याचा मला त्या दिवशी झालेला आनंद अजून तसाच आहे.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा सगळे एकत्र आणि सगळ्यांना एकच प्रश्न, पाटीवर: १/५ आणि १/६ मध्ये मोठा कोण, आणि कसं ठरवलंस? इथे मी कुणालाही सोपा प्रश्न देत नाही. पोहोचायचं ठिकाण सगळ्यांचं एक, शिड्या वेगळ्या. ठिकाणच खाली आणलं तर ते मूल सहावीत आणखी मागे पडतं आणि आपण त्याला मदत केली असं आपल्याला वाटत राहतं.

गट पाडताना माझ्याकडून झालेली एक चूक सांगते. पुण्यात आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी वर्गाचे गुलाब, मोगरा आणि झेंडू असे तीन गट केले. नावं गोड, हेतू चांगला. दिवाळीनंतर एका मुलीची आई भेटायला आली. मुलगी घरी म्हणाली होती, "मी झेंडू आहे. झेंडूंना येत नाही." ते वाक्य ऐकून मला रात्री झोप लागली नाही. गट चार महिने तेच राहिले होते, त्यामुळे फुलाचं नाव 'ढ' या शब्दाच्या जागी जाऊन बसलं होतं. तेव्हापासून माझ्या वर्गात गटांना नाव नाही. "आज या आठ जणांनी इकडे या" एवढंच. आणि गट घटकागणिक बदलतात, कधी त्याच तासिकेत बदलतात. अपूर्णांकांत माझ्याजवळ बसणारा एक मुलगा वजन-मापाच्या घटकात तिसऱ्या गटात होता. त्याच्या घरचा भाजीचा गाडा, पहाटे वडिलांबरोबर मार्केट यार्डात जाणारा. पावशेर, अर्धा, पाऊण किलो हे त्याच्या हातात होतं. त्यानं वर्गाला 'पाव' आणि 'पाऊण' समजावून सांगितलं, आणि मग त्याचे अपूर्णांकही सुटू लागले. हे गट न बदलता मला कधीच दिसलं नसतं.

इथवरचं थोडक्यात: आधी एकेकट्याला ऐकणं, मग एका प्रश्नावरून त्या दिवसाचे गट, मधल्या वेळात एका गटाजवळ बसणं, शेवटी सगळ्यांना तोच प्रश्न. आता यात तुमच्या पॅनेलचं काय ते.

पॅनेलचा माझ्या मते सगळ्यात चांगला उपयोग हा की ते तुमच्याऐवजी सूचना देतं. तीन गटांची कामं तीन रकान्यांत, वर घड्याळ, खाली 'झालं असेल तर पुढे काय'. वाचायला अडणाऱ्यांसाठी शब्दाशेजारी चित्र. माझ्या वर्गात नियम आहे: आधी पॅनेल वाचा, मग शेजाऱ्याला विचारा, मग बाई. हे रुळायला तीन आठवडे लागतात, तोवर गोंगाट होतो, तो सहन करा. एकदा रुळलं की "बाई, झालं", "बाई, आता काय" हे थांबतं आणि तुमची ती दहा मिनिटं खरोखर मोकळी होतात. उलट एक मूल पुढे येऊन बोटानं चित्रं ओढतंय आणि पंचेचाळीस जण बघतायत, असा वापर फोटोत छान दिसतो, पण त्या वेळात पंचेचाळीस मुलं काहीच करत नसतात.

व्हिडिओचं म्हणाल तर पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ मिळतात. आदल्या दिवशी स्वतः पूर्ण बघा आणि वर्गात दोन मिनिटांचाच तुकडा लावा. मी बऱ्याचदा आवाज बंद करून लावते आणि मुलांना बोलायला सांगते. बी रुजतंय, कोंब येतोय, हे मूल स्वतःच्या शब्दांत सांगतं तेव्हा त्याला काय कळलंय ते मला कळतं. घरी दुसरी भाषा बोलणारं मूल आधी त्याच्या भाषेत सांगतं, मग शेजारी मराठी शब्द पुरवतो. चालतं. समज आधी, शब्द मागून येतो.

वाचनासाठी मला दोन गोष्टी उपयोगी पडल्या. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ: तिथे मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांमध्ये मोफत आहेत आणि छापून घेता येतात. एकाच विषयावरच्या दोन पातळ्यांच्या गोष्टी दिल्या तर वाचून झाल्यावर सगळा वर्ग एकत्र गप्पा मारू शकतो, कुणी बाहेर राहत नाही. दुसरं म्हणजे माझा स्वतःचा आवाज. घरातला जुना, सिमकार्ड काढलेला फोन आणि साधे इअरफोन. पाठ मी सावकाश वाचून ठेवते, परिच्छेद संपला की थांबते. मूल ओळीवर बोट ठेवून ऐकतं, मग तेवढाच भाग स्वतः वाचतं. जोडाक्षरांवर अडणाऱ्या मुलांना याचा फार आधार होतो, विशेषतः 'र'च्या रूपांचा. 'प्रकाश', 'सूर्य', 'ट्रक', 'वाऱ्यावर' या चार शब्दांत 'र' चार वेगळी सोंगं घेऊन येतो, आणि ते कानानं ऐकत डोळ्यानं बघितलं की पटकन बसतं. गूगलचं 'रीड अलाँग' मराठीत आहे, मूल वाचतं ते ऐकून दुरुस्त करतं, गोष्टी उतरवून घेतल्या की नेटही लागत नाही. पण ४६ मुलांच्या आवाजात त्याला मुलाचा आवाज नीट पकडता येत नाही. व्हरांड्यात, एका वेळी दोघं, असं वापरा.

मुलांच्या घरच्या फोनवर मात्र काही उभं करू नका. २०२०-२१ मध्ये आपण सगळ्यांनी बघितलं, घरात एक फोन, तो वडिलांबरोबर कामावर, रात्री आठनंतर हातात येणार आणि तेव्हा तीन भावंडं रांगेत. ज्या मुलासाठी हे सगळं करतोय तेच नेमकं गळून पडतं. आणि गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते त्या दिवसाचा विचार आधीच करून ठेवा. माझी कार्डं, पट्ट्या आणि पाट्या एका डब्यात तयार असतात. 'पाटी वर' म्हटलं की ४६ उत्तरं एका नजरेत दिसतात, पाटीसारखं साधन अजून मला सापडलेलं नाही.

नुसती यंत्रं आणून शिक्षण सुधारत नाही हे आता बऱ्यापैकी तपासलं गेलंय. पेरू देशात मुलांना लॅपटॉप वाटले, संगणकांची संख्या मुलांइतकी झाली, पण २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. याउलट आपल्याजवळ, बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, दोघांत एक संगणक, मुलाच्या पातळीप्रमाणे कठीण होत जाणारे गणिताचे खेळ दिले, तेव्हा गणितात चांगली वाढ दिसली. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासात मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट रोज दोन तास वेगळा घेऊन बसणाऱ्या, संगणक वगैरे काही नसलेल्या स्थानिक मुलींचाही उपयोग दिसला होता. त्यांना 'बालसखी' म्हणत. मुख्याध्यापकांशी बोलताना हे दोन्ही सांगा.

प्रशिक्षणात तुम्हाला कुणी सांगेल की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही करून, तेव्हा तसे गट पाडा. असे गट पाडू नका. २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेचा आढावा घेतला आणि शैलीनुसार शिकवल्यानं जास्त शिकलं जातं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बघायला, ऐकायला आणि करायला सगळ्यांनाच द्या. अपूर्णांकाची पट्टी शिष्यवृत्तीच्या मुलालाही लागते.

'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांचा गोंधळ पाचवीतही टिकून असेल, वेलांट्या-उकार सतत गळत असतील, तोंडी उत्तर उत्तम आणि लेखी कोरं असं दिसत असेल तर विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली खास अडचण, असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे आणि मुलाला त्यानुसार सवलती मिळू शकतात. पण शिक्का आपण मारायचा नाही, तपासणी तज्ज्ञांनी करायची. आणि त्याच्याही आधी डोळे आणि कान तपासून घ्यायचे. माझ्याकडे एका मुलाचं श्रुतलेखन कायम चुकायचं, मागच्या दोन वर्षांच्या शिक्षकांनी त्याला आळशी ठरवलं होतं. पावसाळ्यात त्याचा डावा कान वाहायचा आणि तो बसायचा नेमका उजवा कान भिंतीकडे करून, डोक्यावर खडखडणारा पंखा. पालकांना दवाखान्यात पाठवलं आणि त्याची जागा बदलली. जागा बदलायला एक मिनिट लागलं.

मूल्यमापनाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गाडी तिथेच अडते. आकारिक, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात चाचणीखेरीज तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं आहेतच. आपण सवयीनं सगळं लेखी चाचणीत ढकलतो. ज्या मुलाला लिहायला अडतं त्याचं परिसर अभ्यासाचं उत्तर तोंडी घ्या आणि तशी नोंद करा. यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. भाषेच्या लेखनात मात्र त्याला लिहायलाच लावा, कारण तिथे तेच शिकायचंय.

शिष्यवृत्तीच्या मुलांचे पालक येतील आणि म्हणतील, मागच्यांमुळे आमची मुलं अडकतात. त्यांना तिसऱ्या गटाच्या वह्या उघडून दाखवा. छेद ४८ पर्यंत गेलेली वही बघितल्यावर माझ्याकडे आलेल्या वडिलांनी पुढचा प्रश्न असा विचारला की घरी असं काय देऊ. सगळेच पटवून घेतील असं नाही, काहींना गणितांची संख्याच हवी असते. त्यांच्याशी वाद घालू नका, आठवड्याला एक जादा पान द्या.

मुख्याध्यापकांकडे दोन मागण्या करा. पॅनेलची किल्ली आणि पासवर्ड तुमच्याकडे राहू देत, कार्यालयातून मागून आणावं लागलं तर आठवड्यात तुम्ही ते बंद कराल. आणि 'अ' व 'ब' तुकडीची भाषेची एक तासिका एकाच वेळी लावून घ्या. मग आठवड्यातून तीन दिवस दोन्ही तुकड्यांतली जोडाक्षरांवर अडणारी पंधरा-सोळा मुलं एका शिक्षकाकडे आणि बाकीची दुसऱ्याकडे, असं करता येतं. मोठा गट त्या वेळी स्टोरीवीव्हरच्या गोष्टी वाचू शकतो, त्याला फारसं शिकवावं लागत नाही. दर महिन्याला मुलं पुन्हा ऐकून बघा आणि आलटून-पालटून शिक्षक बदला, नाहीतर तुम्हीच कायमच्या 'मागच्यांच्या बाई' व्हाल आणि मुलांना ते लगेच कळतं.

सगळं एकदम सुरू करू नका. या सोमवारी व्हरांड्यात खुर्ची टाका आणि हजेरीतले पहिले पाच जण ऐका. एका घटकासाठी तीन गटांची कार्डं करायला मला आजही रविवारचे दोन तास लागतात. पण ती पुढची कितीतरी वर्षं पुरतात, म्हणून जाड कागदावरच करा. तुमचा पुढचा घटक कोणता आहे ते कळवलंत तर त्यात मुलं साधारण कुठे अडतात ते माझ्या वह्यांत बघून सांगते.